या चित्रात पॅलेस्टाईन कुठंय?

मागच्या अंकात सामिया हलाबी या पॅलेस्टिनी चित्रकर्तीवर अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं काही वाटलं नव्हतं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म १९३६ चा, जेरुसलेमचा. १९४८ ला घरच्यांना जाफा सोडून लेबनॉनला जावं लागलं, १९५१ ला अमेरिका, शिक्षण तिकडेच, मग येल विद्यापीठाच्या आर्ट स्कूलमध्ये दहाएक वर्षं शिकवलं (तिथल्या पहिल्या पूर्णवेळ बाई असोसिएट प्रोफेसर), आणि १९७६ पासून मुक्काम न्यूयॉर्कला. २०२३ च्या डिसेंबरात इंडियाना विद्यापीठाच्या म्युझियमने त्यांचं मोठं एक्झिबिशन रद्द केलं त्यावरून मी लिहिलं होतं. आता पत्रं.

ताई, मी आल्तिनोच्या आर्ट कॉलेजात शिकते. तुमचं वाचून हलाबींची चित्रं मोबाईलवर बघितली. रंगाचे तुकडे, पट्टे, तिरक्या रेषा. छान आहेत, पण यात पॅलेस्टाईन कुठंय? त्या पॅलेस्टिनी आहेत हे कोणी सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का? मग राजकीय चित्रकर्ती कशाला म्हणायचं?
– म. ना., फोंडा

नसतंच कळलं. मलाही नसतं कळलं, आणि कळायला हवं असा हट्ट खुद्द हलाबींचाही नाही.

आपल्याकडे अमूर्त (ओळखीची वस्तू न काढता नुसते रंग आणि आकार) म्हटलं की लगेच चित्रकार गायतोंडे आठवतात, आईवडील गोव्याचे म्हणून आपण जरा जास्तच हक्काने आठवतो. आणि गायतोंड्यांमुळे आपली एक समजूत पक्की झालीय की अमूर्त चित्र म्हणजे मौन, ध्यान, आतलं काहीतरी. हलाबींचं बरोबर उलटं आहे. त्या म्हणतात अमूर्त चित्र आतून येत नाही, बाहेरून येतं. रस्त्याने चालताना इमारतींच्या कडा एकमेकींमागे सरकतात, झाडाची पानं वाढतात, शहराचे चौकोन वरून एकमेकांत अडकलेले दिसतात, हे सगळं बघायचं आणि त्यातला नियम रंगात मांडायचा. बाई पक्क्या डाव्या विचाराच्या आहेत, त्यांच्या मते अमूर्त कला ही रशियन क्रांतीच्या काळातल्या चित्रकारांनी पुढे नेलेली गोष्ट आहे, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली नव्हे. दुसरा धागा अरब. १९६६ मध्ये त्या पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या देशांत फिरून जुन्या इस्लामी वास्तूंमधली भूमिती बघून आल्या, आणि पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकवरच्या दगडी नक्षीवरून चित्रांची एक मालिकाच केली. म्हणजे पॅलेस्टाईन चित्रात आहे, पण झेंडा होऊन नाही, बघायच्या सवयीत आहे. हे पटत नसेल तर नको पटवून घेऊस, मलाही काही चित्रांच्या बाबतीत ते जरा ओढून आणल्यासारखं वाटतं.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसरीकडेच आहे. हलाबींनी कामं वेगळी ठेवली. घोषणा द्यायची असेल तर त्या पोस्टर करतात, मोर्चाचे बॅनर रंगवतात. बाकीच्या पॅलेस्टिनी चित्रकारांची दखल कोणी घेत नव्हतं तेव्हा त्यांच्या मुलाखती घेऊन २००१ मध्ये पुस्तक काढलं. आणि साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा अमूर्त वगैरे सगळं बाजूला ठेवून सरळ माणसं काढली. हे शेवटचं जरा सविस्तर सांगते कारण तुझ्या कॉलेजात हे कोणी दाखवेल असं वाटत नाही.

२९ ऑक्टोबर १९५६, सुएझचं युद्ध सुरू झालं तो दिवस. इस्रायलमधलं कफर कासिम नावाचं अरब गाव. त्या दिवशी संचारबंदी संध्याकाळी पाचलाच लागू करायचं ठरलं, गावच्या मुख्याला कळवलं जेमतेम अर्धा तास आधी, आणि शेतात, खाणीत, बाहेरगावी कामाला गेलेल्यांना काही पत्ताच नव्हता. ते नेहमीसारखे घरी परतायला लागले, कोणी सायकलवर, कोणी गाडीवर, बायका ट्रकमधून, आणि गावाच्या तोंडाशी सीमा पोलिसांनी त्यांना उतरवून गोळ्या घातल्या. गावकरी ४९ मृत्यू मोजतात, त्यात बायका आणि मुलंही आहेत. खटला झाला, शिक्षाही झाल्या, पण थोड्याच वर्षांत सगळे सुटले. आणि त्या पट्ट्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला दंड किती? दहा प्रुतोत. म्हणजे आपल्याकडचा एखादा पैसा धर.

या घटनेचे फोटो जवळपास नाहीतच. हलाबींनी १९९९ पासून त्या गावात जाऊन वाचलेल्यांना आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांना भेटून विचारायला सुरुवात केली, कोण कुठे उभं होतं, कोणाच्या आधी कोण आलं, सायकली कुठे पडल्या, आणि त्यावरून एकेक प्रसंग रेखाटला. २०१६ ला त्याचं पुस्तक झालं. ती रेखाटनं बघ, माणसं ओळखू येतात, हात वर केलेले, एकमेकांवर पडलेले. तिथे रंगांचा खेळ नाही कारण तिथे खेळायचंच नव्हतं. पन्नास-साठ वर्षं अमूर्त करणारी बाई म्हणते की या कामाला माझी अमूर्त भाषा उपयोगाची नाही, इथे वास्तवदर्शीच पाहिजे. मला विचारशील तर त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं हेच आहे. आपल्याकडे बरेच जण एक शैली सापडली की तिच्यात भूकंपापासून गणपतीपर्यंत सगळं बसवतात.

तुमचा लेख मुलीनेच मला आणून दाखवला. ती फाईन आर्टला आहे, पोस्टरं वगैरे करते, खाणीविरुद्ध, जंगलतोडीविरुद्ध. तुम्ही लिहिलंय की एवढ्या मोठ्या बाईचं एक्झिबिशन सुद्धा रद्द झालं. मग आम्ही आईबापांनी काय करायचं? पोरीला प्रोत्साहन द्यायचं की समजावायचं?
– एक पालक, म्हापसा

भाऊ, तुमची काळजी खोटी नाही, ती उडवून लावणार नाही.

काय झालं ते नीट बघूया. इंडियाना विद्यापीठ म्हणजे जिथे हलाबी स्वतः शिकल्या, १९६३ ला पदव्युत्तर डिग्री घेतली, पुढे काही काळ शिकवलंही. तिथल्या म्युझियममध्ये त्यांचं कारकिर्दीचा आढावा घेणारं एक्झिबिशन ठरलं होतं, तयारीला तीन वर्षं गेली होती, फेब्रुवारी २०२४ ला उघडायचं होतं. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी अमेरिकेतल्या म्युझियममधला हा त्यांचा पहिला असा मोठा आढावा. गाझाचं युद्ध सुरू झालं, हलाबी सोशल मीडियावर उघडपणे लिहीत होत्या, आणि डिसेंबरात त्यांना दोनतीन ओळींचं पत्र आलं की रद्द. विद्यापीठाने नंतर सुरक्षेचं कारण पुढे केलं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. भिंतीवर लागणार होती ती बहुतेक अमूर्त चित्रंच. वर फोंड्याच्या मुलीने विचारलं ना की यात पॅलेस्टाईन कुठंय, तीच चित्रं. त्यात एकही घोषणा नाही. तरी ती काढून टाकली, कारण चित्रं काही बोलत नसली तरी चित्रकर्ती बोलत होती. म्हणजे तुम्ही मुलीला समजावलंत की पोस्टर सोड, फुलं काढ, आणि तिने ऐकलं, तरी ती तोंड उघडणार असेल तर फुलांनी काही ती वाचणार नाही. आणि तोंड उघडणार नसेल तर मग प्रश्नच मिटला, पण तसं तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

दुसरी बाजू पण सांगते. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या म्युझियमने मात्र २०२४ मध्ये त्यांचं एक्झिबिशन लावलं, ते सुद्धा त्यांचं जुनं विद्यापीठ. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना परीक्षकांचा खास उल्लेख मिळाला, तिथे त्यांचं १९६९ चं चित्र लागलं होतं. हे मी सगळं गोड झालं म्हणून सांगत नाही. सत्त्याऐंशी वय ही काही वाट बघायची वेळ नाही, आणि सगळ्यांना व्हेनिस मिळत नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर हलाबींनी बरीच वर्षं शिकवून पगार घेतला. तुमच्या मुलीने पण एखादं पक्कं कौशल्य हाताशी ठेवावं, डिझाईन, शिकवणं, प्रिंटिंग, काहीही. बाकी पोस्टर कुठे लावायचं, कायद्यात काय बसतं, हे तिने शिकून घ्यावं आणि तुम्ही पण तिच्याबरोबर शिका. समजावायला जाल तर ती फक्त तुम्हाला दाखवायचं बंद करेल.

गोव्यातले कलाकार संपले काय? कुठलं पॅलेस्टाईन आणि कुठलं काय. मासिक गोव्याचं आहे, विसरू नका. आणि कलेत राजकारण आणलं की कला संपते हे माझं स्पष्ट मत.
– शां. के., डिचोली

मत स्पष्ट आहे, ठीक. पण शां. के., तुम्ही तियात्र, आपलं कोंकणी नाटक, बघायला जाता ना? त्यातल्या कांतारात, म्हणजे गाण्यात, मंत्र्याचं नाव घेऊन टर उडवली की सगळ्यात मोठ्या टाळ्या पडतात, तेव्हा कला संपली असं कोणी उठून बोललेलं मी तरी ऐकलं नाही. गाण्यात चालतं, चित्रात मात्र आपल्याला फक्त नारळीची झाडं आणि जुने व्हरांडे पाहिजेत, पर्यटकांसारखे.

आणि गोव्यातलंच पाहिजे तर घ्या. सांत इस्तेवचे आंजेलो द फोन्सेका, शांतिनिकेतनला शिकून आले, मेरीला साडी नेसवली, आणि इथल्या चर्चमधल्या नि पोर्तुगीज मंडळींना ते इतकं झोंबलं की त्यांना गोवा सोडून पुण्याला आश्रमात जाऊन राहावं लागलं. १९६७ मध्ये वारले. साडी नेसलेली एक बाई काढली एवढंच केलं होतं हो, मोर्चा नव्हता काढला. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आहे, डिचोलीहून बस आहे, जाऊन या. दुसरे मडगावचे लक्ष्मण पै. तरुणपणी सत्याग्रह केला म्हणून पोर्तुगीज पोलिसांनी पकडलं, आणि पुढे हेच आपल्या आल्तिनोच्या आर्ट कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. त्यांच्या चित्रात तुम्हाला राग दिसतील, ऋतू दिसतील, तुरुंग शोधून सापडणार नाही. हलाबींचं जे आहे त्याच्या जवळपासचंच हे, म्हणून तर लिहिलं.

मी मडगावला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ओझरता उल्लेख होता की त्या कॉम्प्युटरवर चित्रं करायच्या. ऐंशीच्या दशकात? कसं काय?
– र. प्र., मडगाव

हो, आणि तयार सॉफ्टवेअर वापरून नाही. पन्नाशीच्या आसपास होत्या तेव्हा अमिगा नावाचा कॉम्प्युटर घेतला आणि स्वतःच्या स्वतः प्रोग्रॅमिंग शिकल्या, आधी बेसिक, मग सी या भाषा. कारण सोपं होतं, आपल्या काळाचं जे तंत्र आहे ते चित्रकाराने वापरलं पाहिजे हा त्यांचा जुना आग्रह. त्यांना कॅनव्हासची नक्कल करायची नव्हती, हलणारं चित्र पाहिजे होतं. कोड चालला की पडद्यावर आकार वाढतात, एकमेकांवर चढतात, आवाज पण येतो.

नव्वदच्या दशकात त्यांनी यापुढची उडी मारली, असा प्रोग्रॅम लिहिला की कीबोर्डची बटणं पेटीच्या पट्ट्यांसारखी झाली, बटण दाबलं की पडद्यावर रंग-आकार उमटणार, आणि मग तालवाद्यं वाजवणाऱ्यांना बरोबर घेऊन स्टेजवर लाईव्ह कार्यक्रम केले. वादक वाजवतायत आणि बाई चित्र वाजवतायत. त्या मशीनची ताकद आज तुमच्या घड्याळात पण जास्त असेल. रेकॉर्डिंगं इंटरनेटवर सापडतील, मोबाईलवर बघू नका, जरा मोठ्या स्क्रीनवर लावा. आणि तुम्हाला सी येत असेल तर नुसतं बघून थांबू नका हो, एक संध्याकाळ बसून वीसेक ओळींत असलं काहीतरी हलवून बघा, तेव्हा कळतं की कुठला आकार कधी थांबवायचा हे ठरवणंच सगळ्यात अवघड आहे.

आणखी कोणत्या पॅलेस्टिनी स्त्री कलाकार बघू? फार जड नको.
– स्ने. दे., काणकोण

दोघी पुरेत. मोना हातूम, जन्म बैरूतचा, आईवडील पॅलेस्टिनी. १९७५ ला थोड्या दिवसांसाठी लंडनला गेल्या आणि मागे लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं, मग लंडनच घर झालं. १९९६ मध्ये जेरुसलेमच्या एका गॅलरीत त्यांनी नाब्लुसच्या ऑलिव्ह तेलाच्या साबणाच्या दोन हजारांहून जास्त वड्या जमिनीवर मांडल्या आणि त्यात लाल मणी टोचून इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ऑस्लो करारातला नकाशा काढला, पॅलेस्टिनींना परत मिळायचे ते सुटे सुटे तुकडे. साबणाला वास येतो, हात लावावासा वाटतो, आणि पाण्यात विरघळतो. यापुढे समजवायची गरज नाही.

दुसऱ्या एमिली जासिर, यांना २००७ ला व्हेनिसला चाळिशीच्या आतल्या कलाकाराचा गोल्डन लायन पुरस्कार मिळालाय. त्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता म्हणून त्या पॅलेस्टाईनमध्ये जाऊ शकत होत्या. मग ज्यांना जाता येत नाही अशा पॅलेस्टिनींना त्यांनी विचारलं, पॅलेस्टाईनमध्ये तुमच्यासाठी मी काय करू? एकाने सांगितलं आईच्या वाढदिवसाला तिच्या कबरीवर फुलं ठेव. एकाने सांगितलं हैफात जो पहिला पॅलेस्टिनी मुलगा दिसेल त्याच्याशी फुटबॉल खेळ. काही कामं झाली, काही नाही झाली, त्यांनी विनंती आणि फोटो शेजारी शेजारी लावले. आणि एकाने काय सांगितलं माहितीय? जेरुसलेमच्या पोस्टात जाऊन माझं फोनचं बिल भरून ये.