गेजवर प्रेशर वाढलंय, तरी टीएमटीची रिंग एका बाजूला पातळ का?

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. 16 एमएमच्या टीएमटी सळईची रिंग, म्हणजे पाण्याने झटकन गार होऊन बाहेरून बनणारा कडक थर, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ येते. एकाच हिटच्या (फर्नेसमधल्या एकाच वितळीच्या) दोन सळयांत यील्डचा, म्हणजे सळई कायमची ताणली जाते त्या ताकदीचा, 60-70 एमपीएचा फरक पडतो. हे मार्चपासून सुरू झालं, खापर फर्नेसवाल्यांवर फुटतंय आणि शेठ मोठा पंप घ्यायला निघालेत. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘प्रेशर तर आधीपेक्षा वाढलेलंच आहे.’ त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो. जालना एमआयडीसीत आमच्या मिलवर हेच झालं होतं, आणि त्या वाढलेल्या प्रेशरचा अर्थ उलटा लावला गेला म्हणून सगळं प्रकरण चिघळलं.

टीएमटीची प्रक्रिया तुम्हाला सांगायची गरज नाही, ती सोडतो. मी मेटलर्जीची डिग्री घेतलेला माणूस नाही, आयुष्य मिलच्या फ्लोअरवर गेलं. तुमच्या वॉटर बॉक्सचं, म्हणजे धावत्या गरम सळईवर पाणी मारणाऱ्या पाइपांचं, ड्रॉइंगही पाहिलेलं नाही. तेव्हा माझे आकडे तुमच्याकडे ताडून घ्या.

पहिलं म्हणजे फर्नेसवाल्यांना मोकळं करा. स्क्रॅपमुळे कार्बन, मँगनीज वरखाली होतं हे खरं, पण तो फरक हिट-हिटमध्ये दिसेल. एकाच हिटच्या, पाठोपाठ निघालेल्या दोन सळयांत एवढी तफावत असेल आणि एकाच सळईच्या कापात रिंग एका अंगाला बारीक असेल, तर केमिस्ट्रीवर बोलण्यात वेळ घालवू नका. दोष पाण्यात आहे. नेमकं सांगायचं तर सळईच्या अंगाला लागून असलेल्या पाण्याच्या त्या अतिशय पातळ थरात आहे.

हा थर आपण लोक विसरतो. पाणी कितीही जोरात वाहू दे, धातूला टेकलेलं पाणी धातूच्या मानाने थांबलेलंच असतं. हे 1904 साली जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी मांडलं आणि त्या थराला सीमा थर म्हणतात. सळईतली सगळी उष्णता याच थरातून बाहेर पडते. आपल्याकडे तर सळई हजार डिग्रीच्या आसपास असते, म्हणून तिथे पाणीही नसतं, वाफेचा पापुद्रा असतो. लायडनफ्रॉस्ट यांनी 1756 साली तापलेल्या लोखंडी पळीवर पाण्याचा थेंब नाचताना पाहून लिहिलं तोच हा प्रकार. वाफ पाण्याच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहू देते. जिथे पापुद्रा लवकर फुटतो तिथे मार्टेन्साइट (रिंगचं कडक पोलाद) खोलवर जातं, जिथे तो जरा जास्त टिकतो तिथे रिंग पातळ. दहा मीटरचा बॉक्स आणि सेकंदाला दहा मीटर स्पीड धरलं तर सळई पाण्यात असते एक सेकंद. त्यातला पाव सेकंद एका बाजूने वाफेत गेला तरी खेळ बिघडला.

पापुद्रा फोडतो तो पाण्याचा वेग, आणि तोही सळईच्या मानाने असलेला वेग. पाणी आणि सळई बॉक्समध्ये एकाच दिशेला धावतात, हे लक्षात ठेवा. पाण्याचा वेग घसरून सळईच्या वेगाजवळ आला, की पंप चालू असूनही त्या थराला कुणी हात लावत नाही.

आता तुमचं प्रेशर. गेज बसवलेला असतो हेडरवर, म्हणजे नोझलला पाणी पुरवणाऱ्या मुख्य पाइपवर, नोझलच्या आधी. नोझलची फट क्षारांनी भरत गेली की पाण्याला वाट कमी मिळते, पंपासमोरचा अडथळा वाढतो, हेडरचं प्रेशर वाढतं आणि फ्लो घटतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा हा स्वभावच आहे. खात्री करायची असेल तर पंपाच्या मोटरचे ॲम्पियर बघा. प्रेशर वर आणि ॲम्पियर खाली अशी जोडी दिसली, तर नोझल बुजलंय असं मी पैज लावून सांगेन.

आमच्याकडे हे दिसायला इतका वेळ का लागला ते सांगतो, कारण तुमचाही तोच रस्ता सुरू झालेला दिसतो. बॉक्स ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या सर्व्हिस ऑफिसला आम्ही कळवलं. नाव घेत नाही. त्यांनी आधी एक फॉर्म भरून मागितला. फॉर्ममध्ये प्रेशर, टाकीतलं तापमान, सळईचा साइज, स्पीड, सगळ्याला रकाना. फ्लोला रकाना नाही. गेजचा फोटो पाठवा म्हणाले, पाठवला. उत्तर आलं, प्रेशर 12 किलो म्हणजे डिझाइनपेक्षा जास्तच आहे, सिस्टीम ओके, मटेरियल तपासा. आम्ही पुन्हा लिहिलं की एकदा माणूस पाठवा, नोझल उघडून बघू. पुन्हा तोच फॉर्म आला, यावेळी सही-शिक्क्यासह हवा म्हणून. दरम्यान एका कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर आमचा लॉट टेस्टमध्ये पडला आणि माल परत आला. फर्नेसच्या पोरांनी ज्या शिव्या खाल्ल्या त्या त्यांच्या वाट्याच्या नव्हत्या, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी त्याच ऑफिसने मोठ्या पंपाचं कोटेशन पाठवलं आणि शेठनी त्यांच्या पत्रावर भरवसा ठेवून तो घेतला.

त्या पंपाचा हिशेब मांडतो, म्हणजे तुमच्या शेठना दाखवता येईल. नोझलची फट मुळात 3 एमएम होती असं धरा. दोन्ही भिंतींवर अर्धा-अर्धा एमएम थर बसला की उरली 2. म्हणजे तेवढ्याच प्रेशरला फ्लो एक-तृतीयांशाने गेला. तो परत मिळवायला प्रेशर सव्वादोन पट करावं लागेल, कारण फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो. 12 किलोचं 16 केलंत तर पाणी वाढणार जेमतेम 15 टक्के, आणि विजेचं बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहणार. शिवाय थर गोलात सगळीकडे सारखा बसत नाही. एका बाजूला फट अडीच, दुसरीकडे दीड, अशी असेल तर जास्त प्रेशरने तोच वाकडेपणा आणखी जोरात मारला जातो.

पुढे पावसाळा लागला, पाणी गार आणि ताजं मिळायला लागलं, निकाल थोडे सुधारले आणि ऑफिसने ‘प्रश्न सुटला’ म्हणून फाइल बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच सुरू. तेव्हा आमच्या फिटरने कुणाला न विचारता रविवारच्या शटडाउनमध्ये नोझल खोललं. आत चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा पांढरट थर, खाली जास्त, वर कमी. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर एका बाजूला जातच नव्हता. सल्फामिक ॲसिडने साफ केलं, फट चारही बाजूंनी मोजून बसवली, आणि रिंग गोल झाली. पंप तोच, पाणी तेच.

तुम्ही आधी फ्लो मोजा. मीटर नसेल तर भाड्याने पाइपवर लावायचा अल्ट्रासॉनिक मीटर मिळतो. तोही नको असेल तर मेकअप (टाकीत येणारं नवं पाणी) आणि रिटर्न (बॉक्समधून परत येणारं पाणी) थोडा वेळ बंद करून टाकीची पातळी किती उतरते ते बघा. टाकी 4 बाय 3 मीटरची असेल आणि मिनिटाला 10 सेंमी उतरली, तर फ्लो तासाला 72 घनमीटर. मात्र हे करताना पंप कोरडा पडणार नाही यावर एक माणूस नजर ठेवून असू द्या. ताळा म्हणून उष्णतेचा हिशेबही करता येतो. तासाला 20 टन माल हजारावरून सरासरी सहाशेवर आणायचा तर पाण्याला ढोबळमानाने साडेपाच गीगाजूल उष्णता घ्यावी लागते. पाणी बॉक्समध्ये जाताना आणि बाहेर पडताना 10 डिग्रीचा फरक असेल, तर फ्लो 130 घनमीटरच्या आसपास हवा. वाफेत गेलेली उष्णता यात धरलेली नाही, म्हणून थोडं इकडेतिकडे होईल. पण फरक 20 डिग्री दिसला तर पाणी निम्मंच फिरतंय हे कळायला एवढं पुरे.

सळई बॉक्समधून बाहेर पडते तिथे दोन मिनिटं उभं राहून बघा, सुरक्षित अंतरावरून. आतल्या उष्णतेने लाली परत येताना एका बाजूला आधी येते का? आणि कूलिंग बेडवर सळया सगळ्या एकाच अंगाला वाकतात का? दोन्ही होत असेल तर सळईला पाइपच्या मधोमध ठेवणारे गाइड पण तपासा. झिजलेल्या गाइडमुळे सळई पाइपच्या तळाला घासत जाते, खालच्या चिंचोळ्या जागेत पाण्याला वेग मिळत नाही आणि तिथला पापुद्रा तग धरतो.

हे मार्चपासूनच का, याचं कारण आपल्या भागातच आहे. बोरचं पाणी जड, त्यात उन्हाळ्यात टँकरवर आलो की प्रत्येक थेंब वाचवायचा म्हणून कूलिंग टॉवरचा ब्लोडाउन, म्हणजे क्षार साचलेलं पाणी सोडून देणं, बंद करतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि घट्ट होत जातात. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, त्यामुळे ते नेमकं गरम भागात बसतं. पाणी वाचवणाऱ्याला मी दोष देत नाही. 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते आपण पाहिलंय. पण मग सॉफ्टनर किंवा डोसिंगचा खर्च धरायलाच हवा, आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) रोज वहीत लिहायला हवा. काहीजण म्हणतात खाऱ्या पाण्याने क्वेंचिंग बिघडतं. माझं मत वेगळं आहे. मिठाच्या पाण्यात वाफेचा पापुद्रा उलट लवकर फुटतो, म्हणून हार्डनिंगवाले मुद्दाम मीठ घालतात. आपलं नुकसान क्षार पाण्यात असताना होत नाही, ते फटीत जाऊन बसतात तेव्हा होतं.

पाण्याच्या तापमानाचं म्हणाल तर तेही महत्त्वाचं आहे, नाही म्हणत नाही. पाणी चाळीसच्या वर गेलं की पापुद्रा चिवट होतो. गरम पाणी पातळ असतं म्हणून चांगलं वाहील असा युक्तिवाद मी ऐकलाय, पण वाफ टिकण्यापुढे तो फायदा काहीच नाही. टॉवरचे फिल (पाणी पसरवणाऱ्या जाळ्या) तुंबले असतील तर साफ करा, फॅन बघा. पिटमधलं तेल-ग्रीसही वरच्यावर काढा. पण चिलर घेण्याआधी नोझल उघडा, क्रम हाच ठेवा.

रिंगचे नमुने कापताना कूलंट सोडा, नाहीतर कटरच्या उष्णतेनेच कडा बदलतात आणि तुम्ही भलत्याच रिंगवर वाद घालत बसाल. रिंग उठून दिसावी म्हणून कापावर लावायचं नायटल बनवताना नायट्रिक ॲसिड अल्कोहोलमध्ये थेंब थेंब घालायचं, हातमोजे घालून, थोडंच करायचं आणि बाटली गच्च बंद करून ठेवायची नाही. कापावर रिबच्या बाजूने मार्करने खूण करा आणि चार ठिकाणी जाडी मोजा. पातळ बाजू दरवेळी त्याच खुणेला येते की फिरते, यावरून नोझल की गाइड याचा अंदाज येईल. फे 500डी ग्रेडची सळई विकत असाल तर यील्ड 500 सुटलं म्हणून निश्चिंत राहू नका. सळयांच्या आयएस 1786 या मानकात टेन्साइल (तुटण्याआधीची कमाल ताकद) किमान 565 आणि यील्डच्या 10 टक्के वर, शिवाय इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबणं) 16 टक्के लागतं. रिंग जास्त जाड झालेल्या सळया बहुतेक तिथेच अडकतात.

मोठ्या पंपाची ऑर्डर एवढ्या आठवड्यापुरती थांबवायला सांगा. नोझल खोललं की चारही बाजूंची फट, मोटरचे आधीचे-नंतरचे ॲम्पियर आणि पाण्याचं आत-बाहेरचं तापमान इथे टाका, मग गाइडला हात लावायचा की नाही ते बघू.