बॉयलर रूममधली धूळ आणि उशिरा आलेला दम

प्रश्न : माझे वडील नौदलात स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी, होते. 1971 ते 1986 नोकरी, त्यातली बरीच वर्षं वाफेवर चालणाऱ्या फ्रिगेट युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये. आता वय 72. अंगण ओलांडलं तरी दम लागतो. आधी टीबीची औषधं झाली, गुण नाही. बेळगावात सीटी स्कॅन केल्यावर डॉक्टर ॲस्बेस्टॉसिस म्हणाले, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. याबद्दल जादा पेन्शन मिळते का? आणि आम्ही कर्नाटकात, मग अर्ज कुठे करायचा?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मीही इंजिन रूममध्येच आयुष्य काढलं, त्यामुळे तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. त्या जहाजांत बॉयलर, टर्बाइन, वाफेचे पाइप, सगळ्यांवर लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारं वेष्टन, असायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस. जॉइंट गळायला लागला की छिन्नीनं जुनं लॅगिंग फोडायचं. काम उरकलं की बादलीत पांढरी पूड ओतून, पाणी घालून, भाकरीच्या पिठासारखी मळायची आणि फ्लँजवर, म्हणजे पाइपांच्या जोडावर, हातानं थापायची. उकाड्यानं अंगात नुसतं बनियन. दिव्याच्या उजेडात धूळ तरंगताना दिसायची. ती छातीत गेली की तिथंच राहते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता पेन्शनचं. खोटी आशा दाखवत नाही, अपंगत्व पेन्शनचा हा दावा अवघड आहे. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला हे मान्य व्हावं लागतं, आणि अपंगत्व किमान 20 टक्के ठरावं लागतं. निवृत्तीनंतर उशिरा उद्भवलेल्या आजाराला नियमांत जागा आहे, पण तिला वर्षांची मर्यादा घातलेली. ॲस्बेस्टॉसचा आजार मात्र 20 ते 40 वर्षांनी वर येतो. म्हणजे ज्या आजाराला या तरतुदीची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर राहतो. मला हा सरळ अन्याय वाटतो, आणि अर्जात तसं लिहायला कचरू नका. 1995 साली सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर, जपायला सांगितलं. तो निकाल कारखान्यांपुरता, तरी आजार किती उशिरा येतो हे दाखवायला उपयोगी पडेल. 2013 चा सुप्रीम कोर्टाचाच धरमवीर सिंग निकालही जोडा : भरतीच्या वेळी जवान धडधाकट नोंदला असेल, तर नंतरचा आजार सेवेमुळे नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. ते प्रकरण नोकरीत असतानाच्या आजाराचं होतं, तेवढा फरक ध्यानात ठेवा.

पण सगळा दावा उभा राहतो तो वडिलांच्या आठवणीवर. डिस्चार्ज बुकात जहाजाचं नाव आणि तारखा सापडतील; लॅगिंग कोण फोडत होतं ते सापडणार नाही. म्हणून या आठवड्यातच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कुठलं जहाज, कुठलं साल, रिफिटला (मोठ्या दुरुस्तीला) कुठल्या गोदीत, बरोबर कोण होतं. दम लागला की थांबा, दुसऱ्या दिवशी पुढे. बरोबरचा एखादा स्टोकर चंदगड, गडहिंग्लजकडं किंवा कोकणात हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. डॉक्टरांना विनंती करा की रिपोर्टात जहाजावरच्या कामाचा इतिहास स्पष्ट लिहा. नुसतं ‘फुप्फुसाला व्रण’ एवढंच लिहिलं तर कागद तपासणारा तो जुन्या टीबीचा व्रण सहज ठरवतो.

अर्ज मुंबईत मानखुर्दच्या नेव्हपेनकडे, म्हणजे नौदलाच्या पेन्शन ऑफिसकडे. कागद जुळवायला बेळगावचं सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. पेन्शन केंद्राची, तिथं सीमेचा प्रश्न येत नाही. तो येतो पुढे : अर्ज आणि अपिलं फेटाळली गेली तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आणि कर्नाटकासाठी ते कोचीला आहे. शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला मुंबई, खानापूरच्या माणसाला कोची. आजारी माणसाला हा फेरा नको वाटेल, पण वकीलपत्र दिलं की त्यांनी जायलाच हवं असं नाही.

मोबाइलवर ॲस्बेस्टॉसच्या भरपाईच्या अमेरिकी जाहिराती दिसतील, त्यांना काही पाठवू नका. तो त्यांच्या देशाचा कायदा. ब्रिटनमध्ये मात्र मेसोथेलिओमा, म्हणजे याच धुळीचा कॅन्सर, झालेल्या माजी सैनिकाला 2016 पासून 1 लाख 40 हजार पौंड एकरकमी घेता येतात. आपल्या लिअँडर जातीच्या फ्रिगेटी माझगाव डॉकला बांधल्या, तरी आराखडा ब्रिटिशांचाच. तिकडच्या स्टोकरला जे मिळतं ते इकडच्या स्टोकरला का मिळू नये, हे माजी सैनिकांच्या संघटनांनी दिल्लीत विचारायला हवं.

दाव्याची वाट बघत उपचार थांबवू नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नसेल तर बेळगावच्या पॉलिक्लिनिकमध्ये चौकशी करा. 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ आहे. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद, कारण ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. आणि आई त्या काळात मुंबईच्या क्वार्टरमध्ये राहून वडिलांचे त्या धुळीनं माखलेले कामाचे कपडे धूत असतील, तर त्यांच्याही छातीचा एक्स-रे काढून घ्या.