रक्त देताना मुलगी बेशुद्ध पडली. ही फिट होती का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तपासणीसाठी रक्त घेताना खुर्चीतच ती पांढरीफटक पडली, घामाने भिजली आणि मान टाकली. आम्ही दोघांनी तिला सावरून बसतं धरलं, तेव्हा हातांना दोन-चार झटके आले. मिनिटभरात शुद्धीवर येऊन ‘काय झालं?’ म्हणाली. नातेवाईक म्हणतात फिट आहे, मेंदूचा स्कॅन करा. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही जे बारकाईने पाहिलंत, ते मला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातं. पांढरा चेहरा, घाम, सुई आणि लगेच आलेली शुद्ध हे सगळं साध्या भोवळीचं चित्र आहे. सुई, रक्त, वेदना, उकाडा किंवा बराच वेळ उभं राहणं यांमुळे काहींच्या शरीरात व्हेगस नावाची मज्जातंतू एकदम जोर करते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं.

झटकेही त्यामुळेच. अशा वेळी माणूस आडवा झाला की रक्त आपोआप मेंदूकडे जातं. तिला बसतं धरल्यामुळे ते पोचायला वेळ लागला. मायेपोटी कोणीही हेच करतं, पण पुढच्या वेळी सरळ जमिनीवर झोपवा, पाय उंच करा, कपडे सैल करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. फिटमध्ये झटके सहसा जास्त वेळ चालतात, जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. तुमच्या मुलीने लगेच ‘काय झालं?’ विचारलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी पहिल्यांदाच झालंय, तर डॉक्टरांना दाखवून रक्तदाब आणि ईसीजी एकदा करून घ्या. स्कॅनची घाई नको.

मात्र धावताना, व्यायाम करताना किंवा आडवं झोपलेलं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं वा दुखलं, दम लागला, काहीच चाहूल न लागता कोसळली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर उशीर करू नका, त्याच दिवशी हृदयाची तपासणी हवी. गरोदरपणात आणि हृदयविकार असलेल्यांनाही हेच लागू. काळी शौच किंवा रक्तस्राव असेल तर थेट रुग्णालय गाठा. घरातल्या वयस्कर माणसाला उठताना अंधारी येत असेल, तर रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बंद करू नका.

मुलीला एक सांगून ठेवा : मळमळ, कानात गुंजन, नजर अंधुक होणं जाणवलं की लाजू नको, तिथेच आडवी हो. तेही जमत नसेल तर पायांवर पाय आवळून मांड्या आणि मुठी घट्ट कर. आणि पुढच्या वेळी रक्त देण्याआधीच तिथल्या माणसाला म्हण, ‘मला भोवळ येते, मी झोपूनच देते.’