काचेतून प्रकाशही जावा आणि वीजही: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकातील मोबाइलच्या स्पर्शपडद्यावरील टिपणात ‘काचेवर विजेचा सुवाहक असा पारदर्शक थर दिलेला असतो’ असे एक वाक्य होते. बहुतेक पत्रे त्या एका वाक्याविषयीच आली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : काच दुर्वाहक आणि धातू सुवाहक, असे मी आठवीच्या वर्गात शिकवते. धातूतून आरपार दिसत नाही, हेही मुलांना ठाऊक असते. मग एकाच थरात पारदर्शकता आणि वाहकता हे दोन गुण कसे येतात? (एक शिक्षिका, इस्लामपूर)

आपल्या प्रश्नातच या विषयाची खरी अडचण आहे. धातू वीज वाहून नेतो तो त्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे, आणि नेमके तेच इलेक्ट्रॉन प्रकाश अडवतात. प्रकाशलहर पृष्ठभागावर आली की ते तिच्या तालावर हलू लागतात आणि तिला परत पाठवतात. चांदीचे ताट चकाकते ते यामुळेच. एका घन सेंटीमीटर चांदीत सुमारे ६ × १०²² मुक्त इलेक्ट्रॉन असतात. ही संख्या कमी केली, तर परावर्तनाची मर्यादा दृश्य प्रकाशाकडून अवरक्ताकडे सरकते, म्हणजे अवरक्त किरण परत फिरतात आणि डोळ्याला दिसणारा प्रकाश आरपार जातो.

पडद्यांत सर्वाधिक वापरले जाणारे इंडियम टिन ऑक्साइड या तत्त्वावर चालते. त्यात वजनाने साधारण ९० टक्के इंडियम ऑक्साइड आणि १० टक्के टिन ऑक्साइड असते. शुद्ध इंडियम ऑक्साइडमधील बांधलेल्या इलेक्ट्रॉनाला मोकळे व्हायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी दृश्य प्रकाशाच्या कणांकडे नसते; म्हणून तो प्रकाश शोषला जात नाही आणि ते पारदर्शक असते. कथिलाचे, म्हणजे टिनचे, अणू त्यात जादा इलेक्ट्रॉन सोडतात, म्हणून ते वीज वाहते. हे इलेक्ट्रॉन घन सेंटीमीटरला १०²⁰ ते १०²¹ भरतात, म्हणजे चांदीच्या तुलनेत बरेच कमी, तरीही कामाला पुरेसे.

हा थर वर्गात दाखवता येतो. बंद पडलेल्या जुन्या कॅल्क्युलेटरचा पडदा ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू तिरपा करावा. एका विशिष्ट कोनात आकड्यांचे सातही तुकडे आणि त्यांच्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक वाटा फिकट छटेत उमटतात. समोरून पाहिले की त्या नाहीशा होतात. त्या वाटा म्हणजेच हा थर.

प्रश्न : एका कंपनीच्या माहितीपत्रकात फिल्मचा रोध ‘१०० ओहम प्रति चौरस’ असा दिला आहे. चौरस किती मोठा, हे कुठेच लिहिलेले नाही. ही छपाईतील चूक समजावी काय? (तंत्रनिकेतनातील विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

चूक नाही. चौरस कितीही मोठा घेतला तरी आकडा तोच राहतो. लांबी दुप्पट केली तर विजेला दुप्पट अंतर कापावे लागते, म्हणून रोध दुप्पट होतो. पण चौरसच हवा असल्याने रुंदीही दुप्पट होते, विजेला दुप्पट रुंद वाट मिळते आणि रोध निम्म्यावर येतो. त्यामुळे नखाएवढा चौरस घ्या किंवा खिडकीच्या तावदानाएवढा, समोरासमोरच्या कडांमधील रोध सारखाच भरतो. हा आकडा म्हणजे पदार्थाची रोधकता भागिले थराची जाडी. चांगल्या इंडियम टिन ऑक्साइडची रोधकता सुमारे २ × १०⁻⁴ ओहम-सेंटीमीटर असते. २०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीच्या थराला तिने १० ओहम प्रति चौरस मिळतात.

मल्टिमीटरच्या दोन टोकांनी हा आकडा मोजण्याच्या भरीस मात्र पडू नका. टोक टेकते तेथील संपर्काचा रोधही त्यात मिसळतो आणि उत्तर फुगते. त्यासाठी एका ओळीतील चार टोकांचे उपकरण वापरतात: बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन टोकांवर विभवांतर मोजायचे. काचेची कोणती बाजू वाहक आहे एवढेच पाहायचे असेल, तर मल्टिमीटर उत्तम.

प्रश्न : हल्ली वाकणाऱ्या पडद्यांसाठी चांदीच्या नॅनोतारा वापरतात असे वाचले. चांदी तर अपारदर्शक असल्याचे आपणच सांगता. मग त्या थरातून दिसते कसे? (एक वाचक, सोलापूर)

दिसते ते चांदीमधून नव्हे, चांदीच्या मधल्या मोकळ्या जागेतून. ही कल्पना मला या साऱ्या विषयात सर्वांत देखणी वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खराट्याचे काही हीर घ्या, त्यांचे बोटभर तुकडे करा आणि अंथरलेल्या वर्तमानपत्रावर कसेही भिरकवा. थोडे तुकडे असतील तर ते सुटे सुटे पडतात. टाकत राहिलात की एक वेळ अशी येते की, मुंगीला हिरावरून हिरावर जात, कागदाला पाय न लावता, या कडेपासून त्या कडेपर्यंत पोहोचता येते. तरीही बहुतेक मजकूर वाचता येतो, कारण हिरांनी कागदाचा अगदी थोडा भाग झाकलेला असतो. मुंगीच्या जागी इलेक्ट्रॉन आणि हिरांच्या जागी चांदीच्या तारा ठेवल्या की पारदर्शक वाहक फिल्म तयार झाली.

येथे तारेची लांबी फार मोलाची ठरते. असे सलग जाळे होण्यासाठी लागणारी तारांची संख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. हिरांची लांबी निम्मी केली तर तुकडे चौपट लागतात, म्हणजे एकूण हीर दुप्पट खर्ची पडतात आणि तेवढाच जास्त कागद झाकला जातो. म्हणून तारा लांब आणि बारीक हव्यात. सामान्यतः त्यांची जाडी २० ते १०० नॅनोमीटर आणि लांबी दहा मायक्रोमीटरच्या काही पटींपर्यंत असते. जाडी ३० नॅनोमीटर धरली तर आपला केस तिच्या दोन हजार पटींहून अधिक जाड भरतो.

इतकी बारीक तार ओढून काढता येत नाही, ती वाढवावी लागते. २००२ च्या सुमारास सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यूनान शिया यांच्या गटाने त्याची सोपी रीत रूढ केली. इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या कूलंटमध्ये असते तेच द्रव, सुमारे १६० अंश सेल्सिअसला तापवून त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि पीव्हीपी नावाचे बहुवारिक मिसळतात. ग्लायकॉल चांदीचे अणू मोकळे करते. त्यांचे पाच जुळ्या तुकड्यांनी बनलेले सूक्ष्म कण तयार होतात आणि पीव्हीपी त्यांच्या बाजूच्या पृष्ठांना चिकटून बसते. बाजूंची वाट अशी बंद झाल्याने नवे अणू टोकांवरच बसत जातात आणि कण लांबच लांब वाढतो. अशी तार आडवी कापली तर छेद गोल दिसत नाही, पंचकोनी दिसतो. धुऊन अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या तारांची बाटली हलवली की करड्या द्रवात रेशमी कापडाच्या घड्यांसारखे चमकते भोवरे फिरताना दिसतात. तारा प्रवाहाच्या दिशेने रांगेत वळतात, म्हणून ही चमक येते.

ज्या पीव्हीपीमुळे तार वाढते, तेच पुढे नडते. त्याचे पातळ आवरण तारेवर राहते आणि दोन तारा जेथे एकमेकींवर पडतात तेथे विजेची वाट अडवते. अशा थराच्या रोधात मोठा वाटा या सांध्यांचा असतो. ते जोडण्यासाठी थर तापवतात, दाबतात किंवा त्यावर तीव्र प्रकाशाचा झोत सोडतात. दुसरी अडचण धूसरतेची आहे. तारा प्रकाश विखुरतात, त्यामुळे उन्हात पडदा दुधाळ दिसू शकतो. तार जितकी बारीक, तितका हा दोष कमी; पण तार फारच बारीक झाली तर तिचा स्वतःचा रोध वाढतो. सौरघटात थोड्या विखुरण्याने बिघडत नाही, मोबाइलच्या पडद्यावर मात्र ते डोळ्यांना खुपते. म्हणून ‘सर्वांत चांगली फिल्म कोणती’ या प्रश्नाला, ती कशासाठी हवी हे ठरल्याशिवाय, उत्तर देता येत नाही.

प्रश्न : इंडियम संपत आले आहे म्हणून हे पर्याय शोधले जात आहेत, हे खरे का? (एक वाचक, डोंबिवली)

हे अर्धेच खरे आहे, आणि या भीतीला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते असे माझे मत आहे. इंडियमसाठी म्हणून खाणी खोदल्या जात नाहीत. ते मुख्यतः जस्ताच्या खनिजातून उपउत्पादन म्हणून मिळते. त्यामुळे इंडियमची मागणी वाढली तरी तेवढ्यासाठी कोणी जस्त जास्त काढत नाही, आणि भाव उसळतात. खरी चिंता भावाची आहे. एका पडद्याला लागणारे इंडियम तसे अत्यल्प असते. १०० चौरस सेंटीमीटरवर १०० नॅनोमीटर जाडीचा थर धरला तर हिशेबाने सुमारे ७ मिलिग्रॅम ऑक्साइड होते, त्यात इंडियम ५ मिलिग्रॅमच्या आसपास.

पर्याय शोधण्याची अधिक सबळ कारणे दोन आहेत. हा थर चिनीमातीसारखा ठिसूळ आहे. प्लास्टिकवर देऊन वाकवला की त्याला तडे जातात आणि रोध झपाट्याने वाढतो. दुसरे म्हणजे तो निर्वात पेटीत चढवावा लागतो आणि ती यंत्रणा महाग असते. चांदीच्या तारांची शाई मात्र छपाईसारखी, गुंडाळीवरून गुंडाळीवर जाणाऱ्या प्लास्टिकवर पसरता येते. तेवढ्याच क्षेत्राला मिलिग्रॅमहून कमी चांदी पुरत असल्याने चांदीचा भाव येथे फारसा आड येत नाही. तरीही सपाट, न वाकणाऱ्या पडद्यांत इंडियम टिन ऑक्साइडला हटवणे अजून कोणाला साधलेले नाही.

जाता जाता: इंडियम या नावात आपली नीळ आहे. १८६३ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे फर्डिनांड राइख आणि थिओडोर रिश्टर यांना जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात निळीच्या रंगाची अनोळखी रेषा दिसली. नीळ हिंदुस्थानातून येई म्हणून लॅटिनमध्ये तिला ‘इंडिकम’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. राइख यांना रंगांधत्व होते, त्यामुळे ती रेषा प्रत्यक्ष पाहण्याचे काम रिश्टर यांच्याकडे होते.

प्रश्न : आमच्याकडे दमट हवेत देवघरातील चांदीचे निरांजन महिन्याभरात काळे पडते. मग त्या तारा कशा टिकतात? (एक वाचक, पणजी)

आपली शंका अगदी रास्त आहे. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. निरांजन रांगोळीने घासले की पुन्हा उजळते, कारण खाली भरपूर चांदी शिल्लक असते. ३० नॅनोमीटरच्या तारेत मात्र तेवढा थर म्हणजे सगळी तारच. ती जागोजाग तुटते आणि जाळे निकामी होते. त्यामुळे अशी फिल्म उघडी ठेवतच नाहीत. तारांवर पारदर्शक बहुवारिकाचा लेप देतात आणि वर काच किंवा प्लास्टिक चिकटवतात.

प्रश्न : यात भारतात काही काम होते का? आणि ग्राफीनचे काय झाले? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक)

ग्राफीनचा एक थर केवळ २.३ टक्के प्रकाश शोषतो, म्हणून त्याच्याकडून मोठी आशा होती. २०१० मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी ३० इंची ग्राफीन फिल्म करून दाखवली. पण एकाच थराचा रोध जास्त भरतो, थर वाढवले की पारदर्शकता घटते, आणि तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेले ग्राफीन न फाटता उचलून दुसरीकडे ठेवणे हे नाजूक काम आहे.

भारतातील कामांपैकी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. जी. यू. कुलकर्णी यांच्या गटाने केलेले काम आपण जरूर वाचावे. उन्हाळ्यात तळे आटले की गाळाला भेगा पडतात आणि त्या एकमेकींना मिळून जाळे होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांनी काचेवर असा लेप दिला की तो वाळताना त्याला थेट काचेपर्यंत भेगा पडतात. मग त्यावर निर्वातात धातूची वाफ बसवतात आणि लेप धुऊन टाकतात. भेगांतील धातू तेवढा काचेवर उरतो. या जाळ्यात तारेवर तार पडत नाही, सर्व रेषा मुळातच सलग असतात, त्यामुळे वर सांगितलेली सांध्यांची अडचण येथे उद्भवत नाही. अशा काचेला वीज जोडली की ती सर्वभर तापते आणि तिच्यावरचे दव निघून जाते, आणि त्या वेळीही तिच्यातून पलीकडचे दिसत राहते.