पोथी, शिळाछाप, नकाशा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एक शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, पोथी विकत घ्यायची आहे. शेवटच्या पानावर १७७९ आहे. अडीचशे वर्षांची म्हणून विक्रेता जास्त पैसे मागतो. घ्यावी का?

तो इसवी सन नाही, शालिवाहन शक आहे. ७८ मिळवा, इसवी सन १८५७ येतं. शिळाछापाची कलाच मुळी १७९६ च्या सुमारास जर्मनीत निघाली आणि विल्यम केरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपुरात छापलं गेलं ते १८०५ मध्ये. मग १७७९ सालची शिळाछाप पोथी असेलच कशी? जुनी पुस्तकं विकणाऱ्याला शक कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. विक्रम संवत असेल तर उलट ५७ वजा करायचे. संवत्सराचं नाव दिलं असेल तर ते उतरवून घ्या आणि पैसे देण्याआधी दुर्मीळ ग्रंथ हाताळणाऱ्या ग्रंथपालाला दाखवा.

प्रश्न: जुनी पानं उलटताना पांढरे हातमोजे घालायचे ना?

नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मोज्यातल्या बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं.

प्रश्न: हस्तलिखितात काही अक्षरांवर पिवळे पट्टे आहेत. बुरशी असेल तर ओल्या कापसाने पुसू का?

पुसू नका. बुरशी ओळ धरून चालत नाही, हा पट्टा चालतो. तो हरताळ आहे. लेखनिक चुकला की अक्षरांवर हरताळ फासून वर नव्याने लिहायचा, 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड, विषारी. थुंकी लावून पानं उलटू नका, नंतर साबणाने हात धुवा. काजळीच्या शाईत डिंक असतो, ओल्या कापसाने वरची दुरुस्तीसुद्धा निघून येईल.

प्रश्न: गावाचा हाताने रंगवलेला, कापडावर चिकटवलेला नकाशा घड्यांवर फाटतो आहे. दुकानदार म्हणतो, लॅमिनेशन करा, शंभर वर्षं बघायला नको.

या एका 'सोयी'ने जेवढे कागद घालवले तेवढे कसरीनेही घालवले नसतील. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिकवरचा गोंद शंभर अंशांच्या वर तापवून कागदाच्या तंतूंत उतरवतात. तो पुन्हा निघत नाही. काढायचा तर द्रावक लागतो आणि त्यात रंग, शाई दोन्ही फुटतात. कागदातलं आम्ल आतच कोंडतं, कागद पिवळा आणि कडक होत जातो. कापड आणि कागद उष्णतेने सारखे आक्रसत नाहीत, म्हणून सुरकुत्या वेगळ्या. अभिलेखागारांनीही एके काळी ॲसिटेट या प्लॅस्टिकचं लॅमिनेशन केलं. ती पद्धत आता मागे पडली आहे. सेलोटेपचंही तेच: चिकटा तेलकट होऊन कागदात मुरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो.

करायचं ते असं. आधी नकाशाचा फोटो काढा, त्यात प्रमाणपट्टी आलीच पाहिजे. प्रत लहान केली की 'एक इंच म्हणजे एक मैल' हे शब्द खोटे ठरतात, पट्टी खरी राहते. घडी जोर लावून उघडू नका. उघडलेला नकाशा दोन आम्लरहित पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. हिरव्या रंगाच्या जागी कागद तपकिरी किंवा ठिसूळ झाला असेल तर तो तांब्याचा हिरवा असू शकतो. तिथे बोटही लावू नका. फाटलेल्या घड्या जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ यांनी जोडतात. ते काम संवर्धकाचं, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं. त्याला एकच विचारा: 'हे उद्या काढता येईल का?' उत्तर 'नाही' आलं तर नकाशा घेऊन परत या.

प्रश्न: जुलैत कपाटात पाणी शिरलं. दिवाळीत पोथ्यांचा कापडी बस्ता सोडला तर पानं एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली आहे. कशी सोडवू?

तुम्ही सोडवू नका. ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेव्हाच बस्ता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवला असता तर वेळ हाताशी राहिला असता. आता सुरी, वाफ, ऊन काही नको. वडी आहे तशी डब्यात घालून संवर्धकाकडे न्या, याच आठवड्यात.

प्रश्न: बस्त्यात डांबरगोळ्या पुरेत?

भिंतीतून येणारी वाळवी त्यांनी थांबत नाही. कपाट भिंतीपासून सरकवा आणि दर महिन्याला बस्ता सोडून पाहा.

प्रश्न: परदेशातला एक ग्राहक पोथी मागतो आहे. कुरियरने पाठवू?

नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचं, ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'त्याची व्यवस्था आम्ही करतो' असं म्हणणाऱ्या दलालाशी बोलण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला लेखी विचारा.