चिनी मेकॅनिकल घड्याळ घ्यायचं तर आतलं मशीन चांगलं आहे हे कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत राहता, सात-आठ हजार घालायची तयारी आहे, सेलचं नको, चावीचं किंवा ऑटोमॅटिकच हवं. पण चिनी म्हटलं की घरचे नाक मुरडतात आणि आतल्या मशीनचा भरवसा कसा धरावा ते कळत नाही.

मी वेंगुर्ल्याचा. गेली नऊ वर्षं अशीच घड्याळं वापरतोय, आणि बाजारातल्या आमच्या घड्याळवाल्या काकांच्या टेबलाशी बसून ती उघडलेलीही पाहिली आहेत. माझं उत्तर: जरूर घ्या. फक्त वरच्या नावावर जाऊ नका. आत कोणत्या नंबरचं मशीन आहे ते आधी विचारा, आणि घड्याळ हातात आल्यावर पहिले पंधरा दिवस त्याची नीट परीक्षा घ्या.

माझं पहिलं चिनी घड्याळ बावीसशे रुपयांचं होतं. तबकडीला गोल खिडकी, त्यातून बॅलन्सचं चाक (मागे-पुढे झोका घेत वेळ मोजणारं) हलताना दिसायचं. जाहिरातीत त्याला 'टूरबिलॉन' म्हटलं होतं. टूरबिलॉनमध्ये बॅलन्स, एस्केपमेंट (दर झोक्याला चाकांना एकेक पाऊल सोडणारा भाग) असा सगळा पिंजराच स्वतःभोवती फिरतो. माझ्या घड्याळात नुसतीच खिडकी होती. चार महिन्यांत ते बंद पडलं. काकांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "ह्येत त्याल खंय हा?" दोन-तीन ज्वेल (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते माणकाचे बारीक दगड) ठणठणीत कोरडे, आणि एका कोपऱ्यात मात्र तेलाचं थारोळं. त्यांनी सगळं खोलून धुतलं, जिथे जेवढं हवं तेवढं तेल दिलं. ते घड्याळ आज माझा भाचा वापरतो, आणि दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आतच पुढे-मागे होतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, आणि नंतर प्रत्येक घड्याळाने ती पक्की केली. चिनी मशीनचा आराखडा सहसा खराब नसतो. कमी-जास्त होतं ते जोडणीत, सफाईत आणि तेलात. म्हणून एकाच मॉडेलची दोन घड्याळं वेगळी निघू शकतात, आणि म्हणून हातात आलेला नग तपासावा लागतो.

आराखडा खराब नसतो हे कशावरून? चीनमध्ये घड्याळं बनवण्याचं काम जुनं आहे. तिथल्या तिआनजिन शहरात पहिलं मनगटी घड्याळ १९५५ मध्ये तयार झालं. १९६१ मध्ये तिथल्याच कारखान्याने स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीकडून स्टॉपवॉचच्या मशीनची सगळी यंत्रसामग्री विकत घेतली आणि हवाईदलासाठी घड्याळ केलं. त्या मशीनचा वंशज, याच कारखान्याच्या सीगल नावाचं एसटी१९, आजही बनतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने 'तोंगजी' नावाचं एकच प्रमाण मशीन ठरवलं आणि देशभरच्या कारखान्यांनी तेच बनवलं. आपल्याकडे ज्या पिढीत मुंबईच्या गिरणीतून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या मनगटावर एचएमटी दिसायचं, त्याच पिढीत तिकडे घराघरांत तोंगजी होतं. स्वस्त, आरपार दिसणाऱ्या कोरीव घड्याळांत आज बऱ्याचदा तोंगजी किंवा त्यावरून निघालेली आवृत्ती असते. जात चांगली, पण या किमतीत तिची निगा कोणी घेतलेली नसते.

आता तुमच्या बजेटकडे. या भावात चिनी कंपन्यांच्या घड्याळांत बहुतेक वेळा दोनपैकी एक मशीन सापडेल. एक म्हणजे डीजी२८१३ किंवा सीगल एसटी१६सारखं चिनी ऑटोमॅटिक. दुसरं म्हणजे सेइको गटाचं एनएच३५, म्हणजे घड्याळ चिनी आणि मशीन जपानी घराण्याचं. पगानी डिझाइन, स्टीलडाइव्ह, ॲडीजडाइव्ह या चिनी कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांत हे एनएच३५च असतं. तुमच्या जागी मी असतो तर हजारभर रुपये जास्त गेले तरी एनएच३५ घेतलं असतं. ते तासाला २१,६०० ठोके टाकतं, २४ ज्वेल, पूर्ण भरलं की ४१ तास चालतं. कंपनीने त्याची मर्यादा दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद अशी दिली आहे, प्रत्यक्षात बरेच नग त्याहून पुष्कळ बरे चालतात. पण माझं कारण वेगळं आहे. हे मशीन इतकं पसरलंय की साध्या घड्याळवाल्यालाही ते उघडायची भीती वाटत नाही, आणि उद्या बिघडलंच तर आख्खं नवं मशीन आणून बसवता येतं. कोकणात राहणाऱ्याने आधी हाच विचार करावा. कुरिअरने मुंबईला पाठवून दोन महिने वाट बघावी लागेल असं घड्याळ काय कामाचं?

स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीच्या २८२४ या ऑटोमॅटिक मशीनच्या पेटंटची मुदत संपल्यावर त्याच धर्तीची चिनी मशीनं आली: सीगल एसटी२१, हाँगकाँगच्या कंपनीचं पीटी५०००. ती तासाला २८,८०० ठोक्यांची, सेकंदकाटा सेकंदाला आठ पावलं टाकत सुळसुळीत फिरतो. चांगला नग मिळाला तर वेळ फार छान धरतात. यांची एक परीक्षा ध्यानात ठेवा. चावी हाताने फिरवताना मागचा रोटर (मनगट हललं की फिरून स्प्रिंग भरणारं अर्धगोल वजन) भिंगरीसारखा सोबत फिरायला लागला, तर आतली उलट-सुलट फिरणारी चाकं कोरडी आहेत. ते तसंच रेटू नका, तेल द्यायला लावा.

फोटोवरून काय कळतं? मागे काच असेल तर विक्रेत्याकडे झाकणाचा जवळून काढलेला फोटो मागा. एनएच३५ असल्याचा दावा असेल तर मशीनवर तो नंबर कोरलेला दिसला पाहिजे. नुसतं 'जपानी मशीन' लिहिलं असेल तर ते क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचंही असू शकतं. तबकडीवर तीन छोट्या तबकड्या आणि बाजूला दोन बटणं दिसली की स्टॉपवॉच समजू नका. स्वस्त घड्याळांत ती बटणं फक्त वार-तारीख सरकवतात. ज्वेलच्या आकड्यालाही भुलू नका. आपल्या आजोबांची चावीची एचएमटी जनता १७ ज्वेलवर जन्मभर चालली.

घड्याळ हातात आलं की आधी ऑटोमॅटिकची चावी पंचावन्नएक वेळा फिरवून स्प्रिंग भरा. एनएच३५मध्ये चावी पूर्ण बाहेर ओढल्यावर सेकंदकाटा जागच्या जागी थांबला पाहिजे. थांबला नाही, किंवा हाताने चावीच भरता आली नाही, तर ते एनएच३५ नव्हे. मग मोबाईलच्या वेळेशी सेकंद जुळवा आणि रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळच्या चहाला, फरक वहीत लिहा. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. त्यात वीस सेकंद म्हणजे काहीच नाही. महत्त्वाचं आहे ते सातत्य. रोज अठरा सेकंद पुढे जाणारं घड्याळ निरोगी आहे, घड्याळवाला ते पाच मिनिटांत मागे आणेल. एक दिवस चार सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी चाळीस मागे, असं असेल तर आत घाण आहे किंवा तेल नाही. तसं घड्याळ परत करा. रात्री ते कधी तबकडी वर, कधी चावी खाली असं ठेवूनही बघा. ठेवणीप्रमाणे मिनिटाच्या वर फरक पडत असेल तरी परत.

घड्याळवाल्याकडे टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र असलं तर दोन मिनिटांत उलगडा होतो. पूर्ण भरलेल्या घड्याळात बॅलन्सचा झोका, म्हणजे ॲम्प्लिट्यूड, तबकडी वर असताना २७० ते ३१० अंशांच्या आसपास असावा. २०० च्या खाली गेला तर मशीनला सर्व्हिसिंग हवंय. बीट एरर, म्हणजे टिक आणि टक यांच्या अंतरातला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर निश्चिंत राहा. मोबाईलच्या माईकवर टिकटिक ऐकून वेग सांगणारी ॲपही आहेत; रात्री सगळं शांत झाल्यावर वापरली तर वेगाचा अंदाज बरा येतो. आणि चांगलं चालणारं घड्याळ एकदम दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. ते बहुधा स्पीकरजवळ किंवा चुंबकाच्या मोबाईल कव्हरजवळ राहिलेलं असतं, आणि हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबक उतरवलं की पूर्ववत.

आता जे पुण्या-नागपूरचा माणूस तुम्हाला एवढ्या कळकळीने सांगणार नाही ते. आपल्याकडे मशीन मारतं ते पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बारा महिने दमट, खारी हवा. माझं एक सुंदर, पातळ, पाण्यासाठी ३० मीटरची खूण असलेलं घड्याळ जुलैत बांदिवडेकडे मोटरसायकलने जाताना भिजलं. संध्याकाळी काचेच्या आत धुकं दिसलं. उद्या बघू म्हणून चार दिवस ठेवलं, आणि उघडलं तेव्हा चावीची दांडी आणि तिच्या जवळचे भाग तांबड्या गंजाने भरले होते. ते घड्याळ गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. पाणी शिरतं ते बहुधा चावीकडून, म्हणून स्क्रू करून बसणारी चावी आणि किमान १०० मीटरची खूण असलेलं डायव्हर धर्तीचं घड्याळच घ्या. धुकं दिसलं की त्याच दिवशी उघडून वाळवायला न्या. सर्व्हिसिंगच्या वेळी पाणी अडवणाऱ्या रबरी गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा, आणि मृग सुरू होण्याआधी वर्षातून एकदा गॅस्केट बघून घ्या. एसटी१९चं ते हवाईदलाचं घड्याळ मला फार आवडतं, पण आपल्या पावसात ते घालायचं नाही, आणि तालुक्याच्या गावात त्याचं स्टॉपवॉच उघडणारा मिळणं कठीण.

तारीख असलेल्या घड्याळात रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान तारीख बदलू नका. त्या वेळी आतले दात एकमेकांत अडकलेले असतात, तुटतात.

घ्यायचं कुठून? अलीएक्सप्रेसवर आपल्याकडे नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे. इथल्या ऑनलाइन दुकानांतून घेतलंत तर थोडं महाग पडेल, पण परत करण्याची सोय राहते, आणि या घड्याळांच्या बाबतीत ती सोय पैसे मोजून घेण्यासारखी आहे. घरातलं कोणी दुबई-मस्कतला असेल तर तिकडून मागवता येतं. माझी शेवटची दोन घड्याळं मावसभावाने तशीच आणली. तो गणपतीला येतो तेव्हा तीन आठवडे राहतो. तिकडच्या दुकानाची परतीची मुदत मी त्याला आधी विचारून घेतो, तो आल्या दिवसापासून मी वही लिहायला बसतो, आणि दोनातलं एक घड्याळ मी त्याच्याच बॅगेतून परत पाठवलं.