नाशिक सोडून जर्मनीत शिकायला गेल्यावर तिथे रुळायला किती दिवस लागतात?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेज रोडला वाढलास, घराबाहेर कधी राहिला नाहीस, ऑक्टोबरात मास्टर्ससाठी ड्रेस्डेनला चाललायस, आणि तिथे रुळायला किती दिवस लागतील ते हवंय. वयाने मोठी आहे, त्यातून पंचवटीची, म्हणून अरे-तुरे करते. मी २०१६ साली त्याच गावात याच कामाला गेले होते. अडीच वर्षं काढली, आता अंबडला नोकरी करते.

मला फेब्रुवारी उजाडला. पण तू फेब्रुवारीची चिंता करू नकोस, नोव्हेंबरची कर.

पहिल्या महिन्यात एकटं वाटायला सवडच नसते. घर ताब्यात आलं की दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्याला घरमालकाने सही केलेला वेगळा कागद लागतो, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. बाकीची बरीच कामं या नोंदणीला लटकलेली असतात. ऑक्टोबरात सगळ्या जगाचे विद्यार्थी एकदम येऊन पडतात, त्यामुळे भेटीची वेळ नाशिकमध्ये बसूनच ऑनलाइन घेता आली तर घे. दुसरं पैशाचं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरले असतील (माझ्या वेळी बरेच कमी होते), त्यातले महिन्याला ९९२ सुटतात, आणि तेही तिथलं चालू खातं जोडल्यावर. म्हणजे खोलीची अनामत आणि पहिलं भाडं वेगळं न्यायचं. हे वडिलांच्या कानावर आत्ताच घाल.

आता माझा वेंधळेपणा. आपल्याकडे पत्त्यात 'मारुती मंदिरामागे, पिठाच्या गिरणीसमोर' लिहिलं तरी पोस्टमन घरात आणून देतो, वर आईची चौकशी करतो. तिथे पेटीवर तुझं आडनाव नसेल तर पत्र आलं तसं परत जातं. खोली क्रमांक वगैरे पुरत नाही. मी नाव लावलं नव्हतं, म्हणून बँकेचं कार्ड परत गेलं आणि दोन आठवडे मी सोबतच्या केरळी मुलीच्या उसन्या पैशांवर काढले. आणि त्या देशात सगळं टपालाने येतं: कार्ड, पिन, विम्याचं पत्र, टीव्ही-रेडिओच्या वर्गणीची नोटीससुद्धा. ती वर्गणी घरात टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो असते. जाहिरात समजून ते पत्र फेकू नकोस. चौघांचं मिळून एक घर असेल तर एकानेच भरायची असते, बाकीच्यांनी तसं कळवायचं.

भाषेचं एक सांगते, क्लासात हे कोणी सांगत नाही. वसतिगृहाच्या देखरेख्याने फोनवर किल्ली घ्यायला 'फिअर्टेल त्सेन'ला ये म्हणून सांगितलं. पाव आणि दहा एवढं कळलं, म्हणून मी सव्वादहाला ऐटीत पोचले. तो तासभर वाट पाहून लालबुंद झाला होता. त्या भागात याचा अर्थ सव्वानऊ. दहाचा पाव भाग झाला, असा त्यांचा हिशोब. 'हाल्ब त्सेन' म्हणजे साडेनऊ, आणि 'द्रायफिअर्टेल त्सेन' म्हणजे चक्क आपलं पावणेदहा. पुढे यात मीच वर्गात सगळ्यांच्या पुढे होते, कारण पावणे-सव्वा आपल्या हाडात असतं. पश्चिम जर्मनीतून आलेली मुलंसुद्धा त्यात गोंधळायची. आणि तिथले लोक 'हो'ला 'नू' म्हणतात. तो नकार समजून गैरसमज करून घेऊ नकोस.

तर नोव्हेंबर. कागद संपलेले असतात, नवेपण ओसरलेलं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात, म्हणजे भारताशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. घरी रात्रीचे नऊ तेव्हा तुझे दुपारचे साडेचार, आणि डिसेंबरात त्या वेळेला बाहेर चक्क अंधार. आई फोनवर विचारते, "जेवलास का?" आणि तुझ्या खिडकीत रात्र, पोटात मात्र दुपार. मी त्या महिन्यात दोन आठवडे लेक्चरला जाऊन खोलीत परत, एवढंच केलं. आजारी नव्हते. फक्त मी आले नाही तर कुणाचं काही अडत नव्हतं.

म्हणून सगळे सांगतात तसं 'मित्र कर' मी सांगणार नाही, ते ठरवून होत नाही. जिथे तू आला नाहीस तर मोजणीत एक कमी पडेल असं आठवड्याचं एक काम धर. माझं मंगळवारचं व्हॉलीबॉल होतं, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं. मी भयंकर खेळायचे. तरी एका मंगळवारी दांडी मारली तर "पाचच जणी होतो, कुठे होतीस?" असा मेसेज आला. तो वाचून मला रडू आलं, आता हसू येतं. या वर्गांची नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते आणि जागा भराभर जातात, म्हणून ऑक्टोबरच्या धावपळीतच उरकून टाक. गाणं, बुद्धिबळ, काहीही चालेल. फक्त नुसत्या भारतीयांचं नको. दिवाळीचा फराळ त्यांच्याबरोबर खा, पण मंगळवार दुसरीकडे ठेव.

त्याच व्हॉलीबॉलमधल्या एका बाईंशी माझं नदीवरून जमलं. मी निघाले त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला होता. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून आम्ही पूर मोजतो, हे मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी मला एल्बेच्या काठी नेऊन २००२च्या महापुराची खूण दाखवली. एरवी दोन मीटरच्या आसपास असणारं पाणी तेव्हा ९.४० मीटरला टेकलं होतं. त्यांचं तळघर बुडालं होतं. त्यानंतर त्या दर पावसाळ्यात विचारायच्या, "मारुतीचं काय?"

जेवणाचं फार मनावर घेऊ नकोस. साजूक तूप आणि पेढे नेऊ नकोस, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. काळा मसाला ने. मोड आणायला हीटरजवळची जागा झकास, मटकी मिळेलच असं नाही, मुगावर मिसळ करायची. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकातली तेवढी उघडी. शनिवारी संध्याकाळपर्यंत कांदे-बटाटे भरून ठेव, नाहीतर माझ्यासारखा पहिला रविवार बिस्किटांवर जाईल.

आणि मेन रोडवरच्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून आडनावाच्या दोन-चार चिकटपट्ट्या छापून घे, जर्मन स्पेलिंगची खटपट न करता अगदी पासपोर्टवर आहे तसं. विमानतळावरून खोलीवर पोचलास की बॅग उघडायच्या आधी त्यातली एक पत्रपेटीवर लाव.